पळायला जागा हवी

दारव्ह्याहून कोणत्याही दिशेने निघाले, तरी सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांच्या अलीकडे समुद्र भेटत नाही. पश्चिमेला डहाणू-मुंबईचा किनारा, आग्नेयेला आंध्रचा. कापूस, तूर आणि सोयाबीनच्या या मुलखात ‘खारे पाणी’ हे शब्द बोअरविषयी बोलतानाच कानी पडतात. अशा गावातल्या आमच्या घरी, ओसरीलगतच्या खोलीत, गेली दोन वर्षे अडीचशे लिटर समुद्र काचेत उभा आहे, आणि त्याच्यासमोर वेताच्या खुर्चीत माझे ८२ वर्षांचे वडील बसलेले असतात.

वडिलांना समुद्री मासे अगदीच अपरिचित नव्हते. तरुणपणी शकुंतला गाडीने मूर्तिजापूर गाठून तेथून ते मुंबईला गेले होते आणि मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहून आले होते. १९५१ साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयाने समुद्रापासून दूर राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांना प्रवाळातले रंगीत मासे प्रथम दाखवले. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या मुलाने आजोबांसाठी टाकी आणायचे ठरवले, तेव्हा गोड्या पाण्याची सोपी असते, तीच घ्यावी, असे मी सुचवले. वडील म्हणाले, “आनाचा हाय त मंग मुंबईवाला आन.”

हा लेख त्या टाकीच्या कौतुकासाठी लिहिलेला नाही. आमच्या अज्ञानापायी दोन लहान मासे तीन दिवसांत मेले, आणि त्यानंतर जवळजवळ महिनाभर वडील त्या खुर्चीत बसले नाहीत. घरातल्या वृद्धांच्या विरंगुळ्यासाठी मासे पाळणारी कुटुंबे आता तालुक्याच्या गावांतही आहेत. आमची चूक त्यांच्या हातून होऊ नये, एवढाच हेतू आहे.

घडले ते असे. नवी टाकी भरल्यावर तिच्यातले उपयुक्त जीवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया हे जीवाणू पचवतात. ते नसतील तर मासे स्वतःच्याच घाणीने मरतात. या प्रतीक्षेच्या काळात काटक आणि स्वस्त म्हणून डॅमसेल जातीचे मासे सोडावेत, असा सल्ला आम्हाला विक्रेत्याने दिला. हा सल्ला फार ठिकाणी दिला जातो आणि तो चुकीचा आहे. जीवाणू वाढवायला मासा लागत नाही. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकले तरी ते काम होते. आम्ही मात्र तीन ‘डॉमिनो डॅमसेल’ आणले. काळेभोर अंग, त्यावर तीन पांढरे ठिपके. बोटाच्या पेराएवढे, गोजिरवाणे. चार महिन्यांत तिघांचा एक उरला. उरलेल्याने बाकीच्या दोघांचे काय केले, हे आम्ही पाहिले नाही आणि विचारात घेतले नाही. हा मासा पुढे वीतभर नसला तरी चांगला चौदा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि वाढत जातो तसा तिरसट होत जातो, हेही तेव्हा ठाऊक नव्हते.

मे महिन्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउन मासे आले. जेमतेम एक इंच लांबी. रात्रभर प्रवास करून आलेली पिशवी आम्ही उघडली, टाकीचे थोडे पाणी तिच्यात घातले आणि अर्ध्या तासाने मासे सोडून दिले. दिवे पूर्ण उजेडात होते, कारण सर्वांना पाहायचे होते. डॉमिनो खडकाच्या कपारीतून बाहेर आला, क्षणभर थबकला, आणि बाणासारखा सुटला. वडिलांनी काचेवर हात आपटला. पहाटे एक क्लाउन फिल्टरमागे मेलेला सापडला. दुसरा वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून थरथरत होता. तो तिसऱ्या दिवशी गेला. त्या तीन दिवसांत वडील एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, “त्याले पयाले जागाच नाई ना!”

पुढे या विषयावर जे काही वाचले, ज्यांना विचारले, त्या सर्वांचे सार वडिलांच्या त्या वाक्यात आधीच आले होते.

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लॉरेन्झ यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या दहा वर्षे आधी, १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आक्रमकतेवरील त्यांच्या ग्रंथाचा आरंभच प्रवाळातल्या माशांपासून होतो. भडक रंगांचे हे मासे स्वतःच्या जातीच्या माशावर सर्वाधिक त्वेषाने तुटून पडतात, असे त्यांनी समुद्रात आणि टाकीतही पाहिले. त्यांचा तर्क असा होता, की सारख्या जातीचा मासा म्हणजे त्याच खाद्याचा, त्याच कपारीचा वाटेकरी. त्याला हाकलले की पोटापुरती जागा राखली जाते. पुढच्या संशोधकांनी या विचारात पुष्कळ दुरुस्त्या केल्या. एक गोष्ट मात्र कोणालाही टाकीसमोर बसून पडताळता येते. प्रवाळात भांडण सहसा लवकर आटोपते. हरणारा चार हात मागे सरतो, हद्द ओलांडली जाते, जिंकणारा परत फिरतो. टाकीत चार हात मागे काच असते. हरलेला मासा हद्दीबाहेर जाऊच शकत नाही, म्हणून जिंकणाऱ्याच्या लेखी भांडण संपतच नाही. डॉमिनो दुष्ट नव्हता. समुद्रात जे वागणे दोन क्षणांत निभावले असते, तेच तो चार फुटी काचेत करत होता.

क्लाउन माशांची स्वतःची घररचना तर याहून नवलाची आहे. एका समुद्रफुलाच्या आश्रयाने त्यांचे एक कुटुंब राहते. सर्वांत मोठी मादी, तिच्याखालोखाल नर, आणि खाली उतरत्या आकाराचे, अद्याप न वयात आलेले मासे. मादी मेली तर नर मादी होतो आणि तिसऱ्या क्रमांकाचा मासा नराची जागा घेतो. पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर अशा कुटुंबांचे निरीक्षण करणाऱ्या पीटर बस्टन यांनी २००३ साली ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले, की खालच्या क्रमांकाचा मासा आपली वाढच रोखून धरतो. वरच्याच्या आकाराशी तो ठरावीक अंतर राखतो, कारण बरोबरीला आला तर हाकलला जातो, आणि समुद्रफुलाबाहेर हाकलला गेलेला क्लाउन म्हणजे कोणाच्या तरी तोंडचा घास. लहान राहणे ही त्याची घरात राहण्याची किंमत आहे. हे वाचून दाखवले तेव्हा एकत्र कुटुंबात वाढलेले वडील बराच वेळ हसत होते. का, ते त्यांनी सांगितले नाही.

यातून आमच्या उपयोगाचे निघाले ते हे, की नवा मासा लहान आहे एवढ्यावरून तो वाचेल किंवा मरेल असे ठरत नाही. निर्णायक गोष्ट म्हणजे आधी कोण आले. जो आधी आला, त्याची टाकी. म्हणून ज्यांची टाकी अजून रिकामी आहे त्यांनी सर्वांत शांत, भित्रा मासा पहिल्यांदा आणावा आणि भांडखोर असेल तो सर्वांत शेवटी. डॅमसेल तर शक्यतो आणूच नये. आमच्यासारखा ज्यांनी क्रम उलटा करून ठेवला आहे, त्यांना एकच मार्ग उरतो: जुन्याचा मालकीहक्क काही दिवसांपुरता मोडायचा.

आम्ही दिवाळीपर्यंत थांबलो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. टाकीचे पाणी २५-२६ अंशांवर राहायला हवे. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. अशात नवा मासा सोडणे म्हणजे दम लागलेल्याला पळायला लावणे. उन्हाळ्यात टाकीचे झाकण काढून जाळी घालावी आणि पृष्ठभागावर लहान पंखा सोडावा. आपल्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोराने होते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही. मात्र उडून जाते ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याने घालावी, मिठाच्या नव्हे. घरच्या आरओ यंत्रात चव राखण्यासाठी मूळ पाणी थोडे मिसळण्याची सोय असते, ती बंद करून घ्यावी, नाहीतर बोअरचे क्षार टाकीत उतरतात. भारनियमनासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे.

दुसरा निर्णय मासे कोठून आणायचे, याचा. प्रवाळातून पकडलेल्या माशापेक्षा उबवणी केंद्रात जन्मलेला मासा टाकीला सरावलेला असतो, तयार खाद्य खातो आणि त्याच्यासाठी समुद्रात कोणाचे घर मोडलेले नसते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपम येथील केंद्रांत क्लाउन माशांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही कांदळवन प्रतिष्ठानाने अशा माशांची पैदास हाती घेतली. विक्रेत्याला ‘मासा कोठे जन्मला’ हे विचारावे. जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडे कोणी स्वस्तात देऊ केले तर घेऊ नयेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्यांना संरक्षण आहे, आणि नातवंडाच्या हौसेपायी आजोबांच्या घरी वनखात्याची नोटीस येणे बरे नव्हे. आमच्या टाकीतले खडक कोरडे, निर्जीव आहेत, आणि त्यांत काही उणे वाटत नाही.

प्रवासातून आलेल्या पिशवीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आमचे मे महिन्यातले मासे डॉमिनोने मारण्याआधीच अर्धमेले झाले होते, असे आता वाटते. बंद पिशवीत मासा श्वास सोडत राहतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी किंचित आम्लाकडे झुकते. त्यामुळे साठलेला अमोनिया कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, आम्लता ओसरते आणि तोच अमोनिया विषारी होतो. उघड्या पिशवीत अर्धा तास ‘सवय’ करत ठेवलेला मासा त्या विषात बसलेला असतो. म्हणून पिशवी न उघडता पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळते. पाण्याची क्षारता विक्रेत्याला आधीच विचारून घेऊन घरच्या पाण्यात तितकीच राखावी. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या लहानशा उपकरणाने एका थेंबात ती मोजता येते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. मग पिशवी उघडून मासा लगेच अलगद पलीकडे घ्यावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

पलीकडे म्हणजे मुख्य टाकीत नव्हे. नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या, लहान टाकीत ठेवावा. समुद्री माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा एक परजीवी रोग होतो. तो दिसायला लागेपर्यंत सगळी टाकी त्याच्या तावडीत गेलेली असते, आणि छळाने खचलेल्या माशाला तो आधी गाठतो. हा विलगीकरणाचा काळ आमच्या वडिलांना आवडला. लहान टाकी त्यांच्या पलंगाशेजारी ठेवली होती, आणि नवे दोघे त्यांच्या हाताने खाद्य घ्यायला तेथेच शिकले. भुकेला, बुजलेला मासा मार खातो. पोटभर खाऊन धीट झालेला मासा निदान पळतो तरी.

कार्तिक सरता सरता मुख्य टाकीचे काम काढले. प्रथम डॉमिनोला पकडून टाकीतच एका टोपलीत कोंडले. यासाठी बाजारात छिद्रांचा पारदर्शक डबा मिळतो. आम्ही भाजी धुण्याची प्लॅस्टिकची नवी जाळीदार टोपली आणून, साबण न लावता धुऊन, तिला तसेच झाकण बांधले आणि काठाला अडकवून पाण्यात सोडली. मग सगळे खडक हलवले. पूर्वी उजवीकडे एक मोठा ढीग होता. त्याचे दोन ढीग केले, मध्ये वीतभर मोकळी वाळू ठेवली, आणि प्रत्येक ढिगात आरपार जाणाऱ्या कपारी ठेवल्या. आंधळी कपार घातक असते, कारण तिच्यात शिरलेला मासा कोंडला जातो. दोन तोंडांच्या कपारीत पाठलाग करणारा एका तोंडाने आत आला की दुसऱ्या तोंडाने निसटता येते. घरातले कपाट हलवले तर वडील दोन दिवस अंधारात ठेचकाळतात. डॉमिनोचे टोपलीतून बाहेर आल्यावर नेमके तेच झाले. त्याची कपार जागेवर नव्हती, म्हणजे राखण्यासारखे काही उरले नव्हते.

संध्याकाळी दिवे मालवून दोन्ही क्लाउन सोडले. डॉमिनो टोपलीतून त्यांच्यावर धडका मारत होता. पहिल्या दिवशी दर मिनिटाला, तिसऱ्या दिवशी फक्त खाद्य पडले की, सहाव्या दिवशी जवळपास नाहीच. हे मोजण्याचे काम वडिलांनी घेतले होते. कॅलेंडरच्या मागे त्यांनी रेघा मारल्या आहेत. आम्ही दहा दिवस थांबलो. अनेकांचा अनुभव उलट पद्धतीचा आहे: नव्यालाच टोपलीत ठेवून जुन्याला बाहेर मोकळे सोडायचे, आठवडाभरात जुना कंटाळतो. जुना मासा जरासा चिडका असेल तर ते पुरेसे होते. तो मारकुटा असेल तर त्यालाच आत ठेवावे, असे माझे मत झाले आहे, कारण त्या दहा दिवसांत नव्यांना कपार निवडता येते आणि मग तेही ‘आधी आलेले’ ठरतात. नवे मासे एकाऐवजी दोन आणावेत हेही बरे. मार वाटला जातो. पण टाकी लहान असेल तर हा सल्ला मानू नये.

डॉमिनोला सोडण्याआधी भरपेट खाऊ घातले. सोडताना दिवे बंद. बाहेरून काचेला एक आरसा टेकवून ठेवला, म्हणजे भांडायची हौस तो स्वतःच्या प्रतिबिंबावर भागवील; त्याने अर्धा तास ते केलेही. आरसा कायम ठेवू नये, मासा स्वतःच दमून जातो. पहिल्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पाठलाग झाला. धाकट्या क्लाउनच्या शेपटीला खाच पडली. अशी खाच पंधरवड्यात भरून येते. घाबरायचे केव्हा, तर नवा मासा वरच्या कोपऱ्यात किंवा फिल्टरला चिकटून राहतो, कल्ले भराभर उघडमीट करतात, पर अंगाशी मिटलेले असतात आणि दुसऱ्या दिवशीही तो खात नाही. तेव्हा ‘जुळेल हळूहळू’ म्हणत बसू नये. ताबडतोब काढावे, आणि तीन-चार प्रयत्नांनंतरही जमले नाही तर मारकुट्याला विक्रेत्याकडे परत द्यावे. त्यात कमीपणा नाही. टाकीचे झाकण किंवा जाळी मात्र पहिल्या दिवसापासून पक्की हवी. पाठलागात सापडलेला मासा टाकीबाहेर उडी मारतो, आणि सकाळी फरशीवर सापडलेला मासा वृद्ध माणसाने पाहू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी एडवर्ड्स आणि ॲलन बेक यांनी २००२ साली अल्झायमरग्रस्त ६२ वृद्धांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. या वृद्धांच्या भोजनगृहात माशांची टाकी ठेवल्यावर त्यांचे जेवण वाढले आणि १६ आठवड्यांत वजन सरासरी पाऊण किलोने वाढले. स्मृतिभ्रंशात ताटावर लक्ष टिकत नाही, उठून जाण्याची अस्वस्थता असते. हलत्या रंगांसमोर ते थोडे अधिक वेळ बसले. इंग्लंडमधील प्लिमथच्या मत्स्यालयात तर एक प्रचंड टाकी नव्याने भरली जात असताना पाहणाऱ्यांच्या नाडीचे आणि रक्तदाबाचे मापन झाले. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. मासे वाढले तशी नाडी अधिक मंदावली, लोक अधिक वेळ रमले; पण मासे सोडण्यापूर्वीच्या नुसत्या पाण्यासमोरही शरीर शांत होत होते. या दुसऱ्या गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. घरच्या टाकीत तीन मासे आहेत आणि चौथा आणल्यावाचून करमत नाही, असे वाटले तर करमत नसलेली व्यक्ती बहुधा टाकी बघणारे आजोबा नसून खरेदी करणारे आपण असतो. आणि टाकी हे औषध नव्हे; रक्तदाबाची गोळी तिच्यामुळे चुकवायची नाही.

वृद्धांच्या घरात टाकीची काही वेगळी पथ्ये आहेत. खारे पाणी वीज चटकन वाहून नेते. वायर टाकीवरून थेट प्लगकडे न नेता आधी प्लगच्या खाली लोंबू द्यावी, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरत नाही. गळती होताच वीज तोडणारे ईएलसीबी घरात बसवलेले असावे, आणि हात पाण्यात घालण्यापूर्वी सर्व बटने बंद करावीत. याहून मोठा धोका फरशीवरच्या पाण्याचा आहे. चार थेंबांवरून घसरून खुब्याचे हाड मोडते. टाकीपुढे पाणी शोषणारी, न सरकणारी चटई ठेवावी, आणि पाणी बदलताना वडीलधाऱ्यांनी खोलीत चालू नये. वीस लिटरची बादली वीस किलोहून जड असते. ती उचलण्यापेक्षा लहान पंप आणि नळी वापरावी.

मधुमेह असणाऱ्यांनी किंवा हातावर जखम असताना कोणीही उघड्या हाताने टाकीत काम करू नये. मायकोबॅक्टेरियम मरायनम नावाचा जीवाणू टाकीच्या पाण्यातून लहानशा ओरखड्यावाटे त्वचेत शिरतो. काही आठवड्यांनी बोटावर वा मनगटावर न भरणारी गाठ येते. तिचे निदान फार वेळा लांबते, कारण रुग्ण ‘घरी माशांची टाकी आहे’ हे सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. ते आपण होऊन सांगावे. लांब बाह्यांचे रबरी हातमोजे शंभर प्रश्न टाळतात. बटनांसारखे दिसणारे झोॲन्थिड जीव ज्या खडकावर असतील तो खडक स्वच्छ करण्यासाठी कधीही उकळू नये. त्यांतल्या काहींत अत्यंत जहाल विष असते आणि ते वाफेवाटे घरभर पसरते. काटेरी, विषारी लायनफिश वृद्धांच्या घरात आणूच नये. त्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून दवाखाना गाठायचा असतो. पण मधुमेहाने बोटे बधिर झालेल्याला ते ‘सोसवेल इतके’ कळत नाही, म्हणून पाणी दुसऱ्याने तपासावे लागते. इतकी जोखीम एका माशासाठी का घ्यावी?

विसरभोळेपणा सुरू झालेल्या घरी खाद्याचा डबा हाताशी ठेवू नये. दिवसातून पाच वेळा प्रेमाने खाऊ घातलेली टाकी आठवड्याभरात नासते. आम्ही सात कप्प्यांच्या डबीत रोजचे खाद्य मोजून ठेवतो. ही डबी औषधांच्या डबीसारखीच दिसत होती. म्हणून तिच्यावर लाल चिकटपट्टी लावली आणि तिची जागा टाकीखालच्या कपाटात ठरवली. औषधे देवघराजवळ आहेत. ही सावधगिरी माझ्या पत्नीला सुचली, मला नाही.

आता वर्ष होत आले. डॉमिनो उजव्या ढिगात राहतो, क्लाउन डावीकडे; मधल्या मोकळ्या वाळूवर अधूनमधून चकमक झडते आणि दोघेही आपापल्या कपारीत परततात. थोरला क्लाउन आता ठळक मोठा झाला आहे, म्हणजे ती मादी झाली असावी. धाकटा तेवढाच आहे. वडील सकाळी चहाच्या आधी मोजणी करतात. मग लाल पट्टीची डबी उघडून चिमूटभर खाद्य उजव्या कोपऱ्यात टाकतात, डॉमिनो तिकडे वळेपर्यंत थांबतात, आणि उरलेले सावकाश डावीकडे सोडतात. परवा मी घाईत सगळे एकदम मध्ये टाकले, तर त्यांनी माझ्या हातातून डबी काढून घेतली.